चारशे खुर्च्यांचं मैदान

सेऊलमधल्या जोंगगाक मेट्रो स्थानकाबाहेर एक जुना घंटामंडप आहे. जोसॉन राजवटीत या घंटेच्या टोल्यांवर शहराचे दरवाजे उघडत आणि मिटत. आजूबाजूच्या भागाला जोंगनो हे नाव पडलं ते या घंटेमुळेच. तिथून हाकेच्या अंतरावर 'ग्रान सेऊल' या काचेच्या जुळ्या इमारती उभ्या आहेत. पायथ्याशी खानावळी, वर कंपन्यांची कार्यालयं. ही पूर्वीची चोंगजिन-दोंग वस्ती. अरुंद गल्ल्या आणि हेजांगगुक, म्हणजे रात्रीची दारू उतरवणारं गरम सूप, ही तिची ख्याती. आता दुपारी इथे गळ्यात ओळखपत्र अडकवलेले नोकरदार जेवायला उतरतात. संध्याकाळी मात्र सरकत्या जिन्यावरची माणसं बदलतात. विशी-पंचविशीतल्या मुली आणि मुलगे, अंगात संघाचं जॅकेट, हातात स्केचपेननं रंगवलेले पुठ्ठे, काहींच्या खांद्याला लांब भिंगाचे कॅमेरे. सगळे तिसऱ्या मजल्यावर निघालेले असतात. तिथे लोल पार्क आहे.

लोल पार्क हे ईस्पोर्ट्सचं, म्हणजे संगणकावर खेळल्या जाणाऱ्या व्यावसायिक सामन्यांचं, हक्काचं मैदान. 'लीग ऑफ लेजंड्स' हा खेळ बनवणाऱ्या रायट गेम्स कंपनीनं ते सप्टेंबर २०१८ मध्ये उघडलं आणि जानेवारी २०१९ पासून कोरियातली या खेळाची सर्वोच्च लीग, एलसीके, तिथे भरू लागली. प्रेक्षकांसाठी सुमारे ४०० खुर्च्या. शेजारी संगणकांच्या रांगा मांडलेला पीसी बांग आणि एक कॅफे. आपल्याकडच्या मध्यम नाट्यगृहाहूनही हे सभागृह लहान आहे. पण या ४०० खुर्च्यांसमोर जे घडतं ते पाहण्यासाठी जगभर लाखो लोक आपापल्या पडद्यासमोर बसलेले असतात. या विषयात शिरायचं तर हे प्रमाण आधी नीट ध्यानात घ्यावं लागतं. इथलं मैदान लहान आहे आणि त्याचं महत्त्व खुर्च्या मोजून कळत नाही.

खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला पाच. नकाशा चौकोनी, त्यातून जाणाऱ्या तीन वाटा, वाटांमध्ये जंगल. दोन टोकांना दोन गढ्या. समोरच्याच्या गढीतला 'नेक्सस' फोडला की डाव जिंकला. एक डाव साधारण अर्ध्या तासाचा. दीडशेहून अधिक पात्रांपैकी प्रत्येकानं एक निवडायचं, आणि समोरच्यानं कोणती निवडू नयेत हेही आधी ठरवायचं. ही निवडानिवड जाणकारांना डावाइतकीच रंगतदार वाटते. त्या वेळी प्रशिक्षक हातात वही घेऊन आपल्या पाच जणांच्या पाठीमागे येरझाऱ्या घालत असतो. शेवटचं पात्र ठरलं की दोन्ही प्रशिक्षक मधे येतात, हस्तांदोलन करतात आणि बाहेर पडतात. परंपरा अशी की त्यानंतर डाव संपेपर्यंत त्यांनी खेळाडूंशी बोलायचं नाही.

सभागृहाची रचना पाहण्यासारखी आहे. दोन्ही संघांची टेबलं समोरासमोर, मधे मोकळी जागा, भोवती चढत गेलेल्या खुर्च्या आणि वर पडदे. शाहू महाराजांनी बांधलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानात हौद मधे ठेवून प्रेक्षक सभोवार बसवले, म्हणजे मल्लांची पकड कुठूनही दिसावी. लोल पार्कमध्ये पकड दिसते ती पडद्यावर. खुर्चीवरून दिसतो तो माणूस. माउसवरचा हात दिसतो, चुकीचा निर्णय झाल्यावर आवळलेला जबडा दिसतो, आणि एकाच क्षणी पाच तोंडं बोलू लागतात तेही दिसतं. घरबसल्या पाहणाऱ्याला डाव जास्त स्पष्ट दिसतो, समालोचनही मिळतं. तिकीट काढून येणारा येतो तो डाव खेळणाऱ्या माणसांसाठी.

मग एक रास्त प्रश्न उरतो. जो खेळ मुळात जाळ्यावर चालतो, दहा जण दहा घरांत बसून जो खेळू शकतात, त्याला इमारत कशाला? उत्तर प्रेक्षकांच्या आनंदात शोधलं जातं. ते तिथे आहेही. पण त्याहून कणखर उत्तर खेळाच्या सचोटीत आहे.

ऑक्टोबर २०१२ मध्ये लॉस एंजेलिसला याच खेळाच्या जागतिक स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी भरली होती. जागा तात्पुरती उभारलेली. प्रेक्षकांसाठीचे मोठे पडदे अशा ठिकाणी लावले होते की खेळाडूनं मान वळवली तर त्याला ते दिसत. त्या पडद्यावर दोन्ही संघांच्या हालचाली उघड्या असतात. खेळाडूला मात्र आपल्याच बाजूचं दिसायला हवं, उरलेल्या नकाशावर धुकं असतं आणि त्या धुक्यावरच सारा खेळ उभा आहे. अझुबू फ्रॉस्ट या कोरियन संघाच्या एका खेळाडूनं मान वळवली. संघाला ३०,००० डॉलरचा दंड झाला. त्याच दिवशी, त्याच जागी, युरोपीय सीएलजी आणि चिनी वर्ल्ड एलिट यांच्यातला सामना इंटरनेट वारंवार तुटल्यामुळे तासन्‌तास रखडला आणि अखेर अर्धवट सोडून पुढच्या दिवसांवर ढकलावा लागला. प्रेक्षक निकाल न पाहताच घरी गेले.

एकाच दिवसातले हे दोन प्रसंग मैदान का लागतं ते सांगतात. पडद्याचा कोन, खुर्चीची दिशा, तारेची लांबी, विजेचा दुसरा पुरवठा या गोष्टी इथे क्रिकेटमधल्या खेळपट्टीच्या जागी आहेत. त्या दोन्ही संघांना सारख्याच असायला हव्यात. दर वेळी भाड्याच्या सभागृहात नव्यानं जमवाजमव केली की कुठेतरी काहीतरी सुटतं. कायमच्या जागेत तीच तार, तोच पंच, तोच कोन रोज तपासला जातो.

आवाजाचंही तसंच. सुरुवातीच्या काळात खेळाडूंना काचेच्या बंद खोल्यांत बसवत, म्हणजे समालोचकाचं बोलणं किंवा प्रेक्षकांचा ओरडा त्यांच्या कानावर पडू नये. एखादा छुपा हल्ला येतोय हे प्रेक्षकांना आधी दिसतं. त्यांनी श्वास रोखला तरी ते खेळाडूला इशारा देण्यासारखं होतं. लोल पार्कमध्ये काचेच्या खोल्या नाहीत. खेळाडू उघड्यावर बसतात, कानात छोटे इअरफोन, त्यावर जाड हेडसेट आणि त्यातून सतत वाहणारा सपाट सरसर आवाज. चारशे माणसं टाळ्या पिटत असताना खेळाडूला ऐकू येतात ते फक्त आपले चार साथीदार.

ही घडी एका दिवसात बसली नाही. कोरियात तिच्यामागे वीस वर्षांची धडपड आहे आणि ती जागा शोधण्याची धडपड आहे. १९९७ च्या आर्थिक अरिष्टात नोकऱ्या गेलेल्या अनेकांनी पीसी बांग काढले. 'बांग' म्हणजे खोली. आपल्या सायबर कॅफेचा हा भाऊ, पण इथे लोक ईमेल पाहायला कमी आणि खेळायला जास्त येत. त्याच सुमारास सरकारनं देशभर वेगवान इंटरनेट पसरवलं आणि १९९८ मध्ये 'स्टारक्राफ्ट' हा अमेरिकन खेळ बाजारात आला. या तिन्हींची गाठ पडली. काही वर्षांतच पीसी बांगांची संख्या वीस हजारांवर गेली. गल्लोगल्ली स्पर्धा होऊ लागल्या आणि १९९९ मध्ये टूनिव्हर्स या मुलांच्या कार्टून वाहिनीनं त्यातली एक स्पर्धा दूरचित्रवाणीवर दाखवली. लोकांनी ती पाहिली. पुढच्याच वर्षी ऑनगेमनेट ही केवळ खेळांना वाहिलेली वाहिनी सुरू झाली.

स्पर्धा तेव्हा कोएक्स या व्यापारसंकुलातल्या स्टुडिओत होत. खरेदीला आलेली माणसं काचेपलीकडे गर्दी करून उभी राहायची. ही गर्दी नेमकी किती वाढली आहे याचा अंदाज १७ जुलै २००४ ला आला. बुसान शहरातल्या ग्वांगाल्ली चौपाटीवर स्टारक्राफ्टच्या प्रोलीग या सांघिक स्पर्धेचा अंतिम सामना होता, हानबित स्टार्स विरुद्ध एसके टेलिकॉम टी-वन. एक लाख माणसं आल्याचं आयोजकांनी सांगितलं. आकडा किती ताणलेला होता यावर वाद झाले, पण छायाचित्रांत वाळू दिसत नाही इतकी माणसं आहेत, हे कुणी नाकारत नाही. समुद्राच्या काठी, दोन संघ पडद्यांसमोर बसलेले आणि त्यांना पाहायला आलेलं शहर. कोरियन ईस्पोर्ट्सचं बोलणं आजही ग्वांगाल्लीपासून सुरू होतं ते उगाच नाही.

दीड वर्षानं, डिसेंबर २००५ च्या अखेरीस, सेऊलच्या युंगसान स्थानकाला लागून असलेल्या आयपार्क मॉलच्या नवव्या मजल्यावर ईस्पोर्ट्सचं कायमचं मैदान उघडलं. जगातलं अशा प्रकारचं पहिलं मैदान म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. जागेची निवडही अर्थपूर्ण होती. युंगसान म्हणजे इलेक्ट्रॉनिक वस्तूंची पेठ. संगणकाचे सुटे भाग घ्यायला मुलं जिथे आधीपासून जात, तिथेच वर जिना चढून सामना पाहता येऊ लागला. सुरुवातीच्या काळात प्रवेश फुकट होता. शाळा सुटली की रांग लागे, आणि पुढची जागा हवी असेल तर रांगेत लवकर यावं लागे.

या रांगेतून प्रेक्षकांची एक रीत जन्मली. आवडत्या खेळाडूसाठी पुठ्ठ्यावर चित्र काढायचं, त्याच्या नावावर कोटी करायची आणि तो पुठ्ठा उंच धरायचा. कोरियन त्याला 'चिओफुल' म्हणतात. लोल पार्कच्या सरकत्या जिन्यावर आज जे पुठ्ठे दिसतात ते त्या काळापासून चालत आलेले. या खेळाच्या प्रेक्षागारात मुली मोठ्या संख्येनं असतात हेही तेव्हापासूनचं. ज्या काळात इतर देशांत संगणकावरचे खेळ म्हणजे मुलग्यांचा बंद खोलीतला छंद समजला जात होता, त्या काळात युंगसानला मुली पुठ्ठे रंगवून येत होत्या. हे एकट्या मैदानाचं श्रेय नसेल, पण चारचौघांत, उजेडात, स्थानकाला लागून असलेल्या जागेनं त्याला हातभार लावला असणार.

खेळाडूंना समाजात जे स्थान मिळालं त्याची उदाहरणं आज वाचतानाही थक्क करतात. लीम यो-ह्वान या खेळाडूच्या चाहता मंडळाचे लाखो सदस्य होते. सक्तीच्या लष्करी सेवेमुळे खेळाडूंची ऐन उमेदीची वर्षं जाऊ नयेत म्हणून कोरियन हवाई दलानं २००७ मध्ये स्वतःचा व्यावसायिक संघ काढला, त्याचं नाव एस. लीम यो-ह्वान त्यातूनही खेळला. २०१० च्या मे महिन्यात एका स्पर्धेचा अंतिम सामना गिम्पो विमानतळावर, कोरियन एअरच्या विमानं ठेवायच्या भल्यामोठ्या शेडमध्ये झाला.

त्याच महिन्यात सामनेनिश्चितीचं प्रकरण फुटलं. पैसे घेऊन मुद्दाम हरल्याच्या आरोपांत नामांकित खेळाडू सापडले, आणि कोरियाच्या ईस्पोर्ट्स संघटनेनं ११ जणांवर आजन्म बंदी घातली. जोडीला दुसरा पेच होताच. क्रिकेट कुणाच्या मालकीचं नाही. स्टारक्राफ्ट मात्र ब्लिझर्ड कंपनीच्या मालकीचं होतं. प्रक्षेपणाचे हक्क कुणाचे यावरून कंपनी आणि कोरियन संघटना यांच्यात वर्षानुवर्षं भांडण चाललं, ते २०११ मध्ये मिटलं. तोवर खेळाचा बहर ओसरला होता. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑनगेमनेटनं मूळ स्टारक्राफ्टची शेवटची स्टारलीग स्पर्धा घेतली.

इथे युंगसानचं मैदान बंद पडायला हवं होतं. पडलं नाही. त्याच वर्षाच्या सुरुवातीपासून त्याच मंचावर, त्याच वाहिनीनं, लीग ऑफ लेजंड्सचे सामने घ्यायला सुरुवात केली होती. समालोचक जॉन योंग-जून तेच, कॅमेरावाले तेच, पुठ्ठे रंगवणाऱ्यांतले कित्येकही तेच. खेळ बदलला आणि जागेनं परंपरा धरून ठेवली. ईस्पोर्ट्सच्या मैदानाचं सगळ्यात मोठं काम हेच आहे. या क्षेत्रात खेळांचं आयुष्य कमी असतं. कंपनीनं पाठ फिरवली की दहा वर्षांत खेळ जुना होतो. प्रेक्षकांची सवय, पंचांची शिस्त, तंत्रज्ञांचा हात आणि समालोचकाचा सूर जपायला मग एखादी वास्तू लागते.

६ एप्रिल २०१३ ला सोळा वर्षांचा एक मुलगा एसके टेलिकॉमच्या दुसऱ्या संघाकडून पहिला व्यावसायिक सामना खेळला आणि सुरुवातीलाच त्यानं समोरच्या नावाजलेल्या खेळाडूला एकट्यानं गारद केलं. ली सांग-ह्योक त्याचं नाव. जग त्याला 'फेकर' म्हणून ओळखतं. त्यानंतर त्यानं सहा जागतिक विजेतेपदं मिळवली: २०१३, २०१५, २०१६ आणि मग सात वर्षांच्या खंडानंतर २०२३, २०२४, २०२५. या खेळात पंचविशी म्हणजे उतारवय मानलं जातं, त्यामुळे शेवटची तीन ऐकून जाणकारांनाही नवल वाटतं. कोरियातल्या मैदानांचा इतिहास त्याच्या कारकिर्दीवरून सांगता येतो. युंगसानच्या काळात तो उगवला. एप्रिल २०१६ मध्ये ऑनगेमनेट सांगाम-दोंगमधल्या नव्या, मोठ्या ई-स्टेडियममध्ये गेली तेव्हा तो तिथे गेला. २०१९ पासून तो जोंगनोला येतो.

जोंगनोला येण्यात एक मोठा बदल दडलेला आहे आणि तो नुसत्या पत्त्याचा नाही. तोवर मैदान वाहिनीचं होतं आणि खेळ कंपनीचा. लोल पार्कपासून मैदान, खेळ आणि प्रक्षेपण तिन्ही एकाच कंपनीच्या हाती आली. याआधी नेक्सॉन या कोरियन कंपनीनं डिसेंबर २०१३ मध्ये गांगनाम भागात नेक्सॉन अरीना काढून हा रस्ता दाखवला होता. त्याचे फायदे उघड आहेत. नियम एक, तांत्रिक दर्जा एक, खर्चाला हात सैल. पण धोकाही तितकाच खरा आहे. नेक्सॉन अरीना २०२० च्या जुलैअखेर बंद झाला. मालकाचं गणित बदललं की मैदान जातं, आणि त्याच्याबरोबर तिथे जमणाऱ्या माणसांचा कट्टाही जातो. ज्या वाहिनीनं हा खेळ वाढवला, तिला लीगच्या प्रक्षेपणातून बाहेर पडावं लागलं, हेही कोरियन चाहते विसरलेले नाहीत.

पैशांचं गणित साधं आहे. लोल पार्कच्या पहिल्या हंगामात तिकीट आठवड्याच्या दिवशी ९,००० वॉन आणि शनिवार-रविवारी ११,००० वॉन होतं. सगळ्या खुर्च्या एकदा भरल्या तर छत्तीस ते चव्वेचाळीस लाख वॉन, म्हणजे तेव्हाच्या दरानं अडीच लाखांच्या आसपास रुपये. सेऊलच्या ऐन मध्यवस्तीतलं भाडं आणि प्रक्षेपणाचा सरंजाम यातून निघत नाही. पैसा येतो प्रायोजकांकडून, प्रक्षेपणाच्या हक्कांतून आणि शेवटी खेळातल्या विक्रीतून. प्रेक्षकाचं तिकीट उत्पन्नासाठी कमी आणि जिवंतपणासाठी जास्त. रिकाम्या सभागृहातला सामना पडद्यावर कसा फिका दिसतो हे फेब्रुवारी २०२० मध्ये साऱ्यांनी पाहिलं. कोरोनामुळे त्या हंगामाची सुरुवातच प्रेक्षकांविना झाली. मार्चच्या सुरुवातीला लीग थांबली आणि महिनाअखेरीस खेळाडू आपापल्या संघाच्या ठिकाणी बसून खेळू लागले. सामने झाले, निकाल लागले, आकडेवारी जमली. चाहते मात्र जोंगनोच्या त्या ४०० खुर्च्यांची वाट पाहत राहिले.

चार वर्षांनी आलेलं संकट जाळ्यातून आलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगवर डीडॉस हल्ले सुरू झाले. बाहेरून एकाच वेळी प्रचंड मागण्यांचा मारा करून सर्व्हर गुदमरवायचा, असा हा प्रकार. २५ फेब्रुवारीचा सामना पुन्हा पुन्हा थांबला, तासन्‌तास लांबला. पुढचे काही सामने प्रेक्षकांविना आधी खेळून, चित्रित करून मग दाखवावे लागले. थेट सामन्याची सारी गंमत त्यात हरवली. तोडगा शेवटी भिंतींच्या आतच निघाला. मैदानातच बाहेरच्या जाळ्यापासून तोडलेला सर्व्हर बसवला गेला. इंटरनेटवर वाढलेल्या खेळाला आपलं थेटपण वाचवण्यासाठी इंटरनेटपासून तुटलेली एक खोली लागली.

एलसीकेचं आणखी एक वेगळेपण चटकन लक्षात येत नाही. दहा संघ आहेत, पण घरचं मैदान कुणाचंच नाही. हंगामाचे नेहमीचे सामने जवळजवळ सगळे याच सभागृहात होतात, जसं एकाच नाट्यगृहात सगळ्या नाटक कंपन्यांनी आपापल्या तारखा घ्याव्यात. त्यामुळे लोल पार्कवर कुणा एका संघाचा झेंडा नाही, लीगचा आहे. संघांना हे आता अपुरं वाटू लागलं आहे. जून २०२४ मध्ये टी-वन संघानं सेऊलशेजारच्या गोयांग शहरातलं बास्केटबॉलचं मैदान घेऊन स्वतःच्या घरच्या सामन्याचा प्रयोग केला. दुसरीकडे सरकारनं राजधानीबाहेर ईस्पोर्ट्स मैदानं उभारण्याची योजना हाती घेतली. बुसान आणि ग्वांगजूची २०२० च्या अखेरीस उघडली, डेजॉनचं त्यानंतर. ग्वांगजूचं मैदान चोसॉन विद्यापीठाच्या आवारात आहे. भरपूर सामने मिळतील तरच ही मैदानं जगतील, आणि कोरियातही सामने राजधानीभोवतीच गोळा होतात. तिथल्या मैदानांची खरी परीक्षा अजून सुरू आहे.

कोरियाबाहेरचे प्रयोगही बरंच शिकवतात. ब्लिझर्डनं ऑक्टोबर २०१७ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या बरबँकमध्ये, जिथे एकेकाळी जॉनी कार्सन या दूरचित्रवाणी सूत्रधाराचा गाजलेला कार्यक्रम व्हायचा त्या स्टुडिओत, आपलं मैदान काढलं. ब्लिझर्डच्याच 'ओव्हरवॉच' खेळाची लीग पहिली दोन वर्षं तिथे रमली, मग प्रत्येक संघानं आपापल्या शहरात खेळायचं असं ठरलं. फिलाडेल्फियाच्या संघासाठी ५ कोटी डॉलर खर्चून ३,५०० खुर्च्यांची वास्तू बांधायची घोषणा २०१९ मध्ये झाली. ती कधीच उभी राहिली नाही आणि २०२३ मध्ये लीगच संपली. टेक्सासमधल्या आर्लिंग्टन शहरानं जास्त सावध वाट धरली. आपल्या जुन्या अधिवेशन केंद्रातच एक कोटी डॉलरच्या आसपास खर्च करून २०१८ मध्ये मैदान केलं, जे एकाच खेळाच्या भरवशावर नाही. चीननं भव्यता निवडली. हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेसाठी बांधलेलं ईस्पोर्ट्स केंद्र अंतराळयानासारखं दिसतं आणि त्यात चार हजारांहून अधिक खुर्च्या आहेत. २०२३ मध्ये तिथेच ईस्पोर्ट्सला आशियाई स्पर्धेत पहिल्यांदा पूर्ण पदकाचा मान मिळाला. लीग ऑफ लेजंड्सचं सुवर्ण कोरियानं नेलं. भारताचा संघही त्या स्पर्धेत होता, उपांत्यपूर्व फेरीत तो व्हिएतनामकडून हरला.

मराठी वाचकाला या विषयाची एक खूण घराजवळ सापडते. एप्रिल २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये 'ईएसएल वन मुंबई' ही 'डोटा २' या खेळाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. बक्षिसाची रक्कम ३ लाख डॉलर होती. चीनच्या कीन गेमिंग संघानं ती जिंकली. ज्या डोममध्ये एरवी यू मुंबाचे कबड्डी सामने गाजायचे तिथे काचेच्या खोल्यांत परदेशी खेळाडू बसले होते. तीन दिवसांनी मंच उतरला, तारा गुंडाळल्या गेल्या. त्यानंतर भारतात पुष्कळ घडलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ईस्पोर्ट्सची जबाबदारी क्रीडा मंत्रालयाकडे सोपवली. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आणि ईस्पोर्ट्सला त्यांच्यापासून वेगळं काढून मान्यता दिली. मोबाइलवरच्या 'बीजीएमआय'चे अंतिम सामने पाहायला हजारो मुलं जमतात. पण मोठ्या स्पर्धा अजून भाड्याच्या सभागृहांतच होतात, कधी या शहरात, कधी त्या. दर वेळी मंच नवा, जाळं नवं, पंचांची बसायची जागाही नवी. घरी मात्र मुलगा काय करतो या प्रश्नाला 'दिवसभर मोबाइलवर असतो' हेच उत्तर मिळतं. युंगसानच्या नवव्या मजल्यावर मुलाचं नाव मोठ्या पडद्यावर झळकलं तेव्हा कोरियन पालकांना निदान बोट दाखवायला एक जागा मिळाली होती. ती जागा इथल्या मुलांनाही मिळायला हवी, असं हा विषय जवळून पाहणाऱ्या कुणालाही वाटेल.

जोंगनोत सामन्याआधीचा अर्धा तास विशेष पाहावा. खेळाडू पाठीला पिशवी लावून येतात. त्यात स्वतःचा कीबोर्ड, स्वतःचा माउस, स्वतःची माउसखालची चटई. टेबल लीगचं असतं, या तीन गोष्टी ज्याच्या त्याच्या. काही जण खिशातून पट्टी काढतात आणि टेबलाच्या कडेपासून कीबोर्ड किती अंतरावर आहे ते मोजतात. खुर्चीची उंची एक खाच वर, अर्धी खाच खाली. पंच मागे उभा राहून प्रत्येक तार पाहतो. वरच्या समालोचन कक्षात जॉन योंग-जून यांच्या शेजारी ली ह्यून-वू बसतात. चाहते त्यांना 'क्लाउडटेम्पलर' म्हणतात. ते एकेकाळी अझुबू फ्रॉस्टमध्ये होते, म्हणजे २०१२ साली लॉस एंजेलिसच्या त्या चुकीच्या लावलेल्या पडद्यांखाली जो संघ खेळला त्यात. आता खाली बसलेल्या दहा जणांना मान कुठेही वळवली तरी तसला पडदा दिसत नाही. चटया अंथरून झाल्या, हेडसेट चढले की पंच हात वर करतो आणि खुर्च्यांमधून चारशे पुठ्ठे एकदम उंच होतात.